सहा झाडांच्या वांग्याला विष कशाला मारता?

काल सकाळी परसातनं दीड किलो वांगी, मूठभर गवार आणि सतरा भेंड्या निघाल्या. लातूरच्या एप्रिलच्या उन्हात, घरामागच्या एवढ्याशा जागेत, तेही तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्यावर. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तो उन्हाळा ज्यांनी इथं काढलाय त्यांना ह्या सतरा भेंड्यांची किंमत मी काय सांगू.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आमच्या गल्लीतल्या एक ताई आहेत, त्यांच्या वांग्याचे शेंडे माना टाकायला लागले तर त्यांनी दुकानातनं औषधाची बाटली आणून सगळ्या झाडांवर मारली, आणि मी बघितलं तर बाटलीवर पिवळा त्रिकोण. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे त्यांना दुकानात कुणी सांगितलंच नाही. म्हणलं ताई, फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही ते वाचलं का? तर म्हणल्या, "अगं उद्या पोरगी येणारंय, भरीत करायचंय." मला रात्रभर झोप लागली नाही खरंच.

घरच्या भाजीत हीच तर अडचण आहे ना. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर निबर होते. मग औषध मारून आठ दिवस थांबणार कोण? आणि शेंडा पोखरणारी ती अळी अंड्यातनं निघाली की थोड्याच वेळात शेंड्याच्या आत घुसते, फळात गेली की भोक स्वतःच्याच विष्ठेनं बुजवते, म्हणजे वरनं कितीबी फवारा, आत ती निवांत. त्यापेक्षा मान टाकलेला शेंडा दिसला की अळीच्या खाली दोन बोटं खुडायचा आणि जाळून टाकायचा, मातीत नुसता टाकायचा नाही, किडकं वांगंसुद्धा तसंच. सहा झाडांना दहा मिनिटं लागतात. रोज चहा व्हायच्या आधी.

हेच मी माझ्या भावाला सांगायला गेले होते दोन वर्षांपूर्वी. त्याचं एकरभर वांगं असतं. तो म्हणला, "ताई, एकरभर शेंडे खुडायला माणसं आणू कुठनं, आणि एका वांग्याला भोक दिसलं तर तूच मंडईत बाजूला टाकतीस का नाही?" टाकते की. तेव्हापासून मी शेतकऱ्याला फवारणीवरनं बोलणं बंद केलं. त्याच्या मागं कर्ज, मजुरी, बाजारभाव सगळं आहे, पण आपल्या मागं काय आहे? सहा झाडं आणि सकाळचा वेळ. आपल्याला विष मारायला कसलंच कारण नाही, हे माझं ठाम मत आहे.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा रोग, पांढरी माशी पसरवते, ते झाड कशानंच बरं होत नाही, उपटून टाका, जीव तुटला तरी. गवारीवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला की आधी मुंग्या बघा. माव्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि माव्याला खाणाऱ्या किड्यांना हाकलतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर त्याला हात लावू नका, तो आणि त्याची काळी काटेरी दिसणारी पिल्लं मिळून मावा फस्त करतात. ताईंनी ती पिल्लंच कीड समजून चिरडली होती.

अगदीच हाताबाहेर गेलं तर निंबोळी अर्क. 50 ग्रॅम निंबोळीची पावडर थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातनं गाळायची, एक लिटर पाणी करायचं, चिमूटभर साबण घालायचा आणि ऊन उतरल्यावरच मारायचं, उन्हात त्याची ताकद जाते.

पाडव्याला ज्या लिंबाचा फुलोरा आपण खाल्ला त्यालाच जूनमध्ये निंबोळ्या पिकून पडतील. यंदा मी जास्तीच्या वेचून सावलीत वाळवणारंय. लातुरात कुणाला पाहिजे असतील तर आत्ताच सांगून ठेवा, ताईंचा वाटा मी आधीच बाजूला धरलाय.