36 किलोमीटरचा कात्रजचा घाट

पुण्यात स्वारगेटला बसची वाट बघत उभा आहे. पस्तीस मिनिटं झाली. शेजारच्या आजींनी तिसऱ्यांदा विचारलं, "बाळा, मुंढव्याची गेली का रे?" आजी, गेली असती तर मी इथे असतो का?

राहतो बिबवेवाडीत, नोकरी मुंढव्यात. नकाशा उघडा आणि दोन्हींवर बोट ठेवा. गंगाधाम, लुल्लानगर, वानवडी, रामटेकडी, की आलंच मुंढवा. रिक्षावाला तसाच नेतो. पण रोज रिक्षा केली तर महिनाअखेरीला घरी काय नेऊ, मीटरची पावती? म्हणून बस. आणि बसनं जायचं तर आधी उलटं गावात यायचं, स्वारगेटला उतरायचं आणि मग पुन्हा पूर्वेला निघायचं.

"मग मेट्रोनं जा की!" असं परवा एका शहाण्यानं सुचवलं. जातो. 29 सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटला मेट्रो आहे, झकास आहे, एसी आहे. तर स्वारगेटहून जमिनीखालून मुठा ओलांडून जिल्हा न्यायालय. तिथे गाडी बदलून पुन्हा मुठा ओलांडून पुणे स्टेशन. मग बंडगार्डनपाशी मुळा-मुठा ओलांडून येरवडा, कल्याणीनगर. तिथे उतरून रिक्षा, आणि मुंढवा नदीच्या अलीकडे असल्यामुळे पुन्हा एकदा नदी. बिबवेवाडी आणि मुंढवा नदीच्या एकाच काठाला आहेत हो! तरी चार वेळा नदी ओलांडायची. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. मेट्रोचा दोष नाही, तिच्या दोन्ही मार्गिका गावातून आरपार जातात. कडेकडेनं गोल फिरणारं काहीतरी हवं होतं, ते नाहीये.

आणि डोकं फिरतं ते याचसाठी, की ते कागदावर आहे. माझा जन्म 1987 चा. पुण्याच्या 1987 च्या विकास आराखड्यात शहराच्या आत गोल फिरणारा एक मार्ग आखलाय. 24 मीटर रुंद, जवळपास 36 किलोमीटर, बोपोडीपासून निघून औंध, पौड फाटा, बिबवेवाडी, वानवडी, मुंढवा, विमाननगर, विश्रांतवाडी करत परत बोपोडी. नाव एचसीएमटीआर, म्हणजे हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट. माझ्या दाढीत पांढरे केस आले, लग्न झालं, पोरगी शाळेत जायला लागली. हा माझ्याच वयाचा बाबा अजून पाळण्यातच आहे.

नावाची गंमत बघा. एचसीएमटीआरमधल्या एम आणि टी म्हणजे मास ट्रान्झिट, लोकांची सामूहिक वाहतूक. मराठीत काय केलं? "उच्च क्षमता द्रुतगती मार्ग". लोक गेले, उरली द्रुतगती! भाषांतर करणाऱ्याला पुढचं सगळं आधीच कळलं होतं बहुतेक. कारण 2019 ला निविदा काढल्या तेव्हा तो सहा पदरी उन्नत रस्ता झाला होता. त्यातल्या दोन लेन बससाठी आणि चार खासगी गाड्यांसाठी. म्हणजे माझ्या नावानं जागा राखायची, माझ्या नावानं टेकडी पोखरायची आणि वरून चारचाकीवाले गेले की मी खाली खांबाच्या सावलीत बसची वाट बघायची. निविदा अंदाजापेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त दराच्या आल्या आणि बारगळल्या. तेव्हा मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण पेढे वाटून बस येत नाही. नंतर त्याच रेषेवर निओ मेट्रो आणायचं ठरलं, रबरी टायरवाली. तिचा गाजावाजा 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी झाला होता. तिकडेही चाक फिरलं नाही, इकडे तर विचारूच नका.

बरं, नुसताच कागद असता तर गुंडाळून ठेवला असता. माझ्या आत्याची इमारत त्या रेषेत सापडलीय. जुनी, तीन मजली, पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागतात. पुनर्विकासासाठी बिल्डर येतो, चहा पितो, जागेवर काय आरक्षण आहे ते सांगणारा झोन दाखला मागतो. आत्या कपाटातून ती प्लॅस्टिकची पिशवी काढते. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली नकाशाची झेरॉक्स, वर काकांनी लाल पेन्सिलीनं ओढलेल्या दोन रेघा. एक रेघ पार्किंगमधून जाते, दुसरी थेट स्वयंपाकघराच्या खिडकीतून. बिल्डर रेघा बघतो, कप खाली ठेवतो, "कळवतो" म्हणतो. असे चार जण कळवणार आहेत. काका गेले, रेघा आहेत. इमारत पाडताही येत नाही, बांधताही येत नाही, आणि त्या खिडकीतून बसही जात नाही!

बससाठी वेगळी लेन ठेवा म्हटलं की लगेच "रस्त्याला जागा कुठाय?" अहो, होती की! डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन, सुरू झाली, देशातली पहिली. आता हडपसरच्या बाजूला जाऊन शोधा काय उरलंय ते. नगर रस्त्यावरची 2023 मध्ये उखडायला घेतली, का तर गाड्यांची कोंडी होते. कोंडी गाड्यांची, लेन काढली बसची. छत्तीस किलोमीटर खांब राहू द्या, मला आज जमिनीवरून गोल फिरणाऱ्या चाळीस बसगाड्या द्या, दर दहा मिनिटांनी एक. रस्ते आहेत, थांबे आहेत, माणसं तर ही एवढी उभी आहेत.

पण बस सोडण्याचं भूमिपूजन होत नाही ना. पुलाचं होतं.

थांबा, आली वाटतं. एकामागोमाग दोन. पहिली दाराबाहेर लोंबतेय, थांबणारच नाही. दुसरी रिकामी दिसतेय, पण पाटी विझलेली. आजी विचारतायत, "बाळा, ही कुठली रे?"

आजी, चढू आधी. कंडक्टरला आत विचारू.