२१ दिवसांत मेंदू बदलून मिळतो म्हणे! सोलापुरात फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

गणपतीपासून आपल्या गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वर मेंदूचं निळं-जांभळं चित्र, खाली 'न्यूरोसायन्सने सिद्ध केलेले' पाच नियम. ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नाही त्यांच्यासाठी सार देतो. एक: कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस केली की मेंदूत सवय पक्की होते, पण मध्ये एक दिवस जरी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. दोन: डोपामाइन हे आनंदाचं रसायन आहे, मोबाईल आणि गोडधोडाने ते संपतं, म्हणून आठवड्यातून एकदा 'डोपामाइनचा उपवास' करा. तीन: कुठलीही भावना शरीरात फक्त ९० सेकंद टिकते, त्यापुढचा राग हा तुमचा स्वतःचा निर्णय. चार: आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो. पाच: रोज आरशासमोर चांगली वाक्यं म्हणा, मेंदूची रचना बदलेल. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'तरीही बदल झाला नाही तर दोष मेंदूचा नाही, तुमच्या इच्छाशक्तीचा.'

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. मुलं हा मेसेज दाखवून विचारतात, "सर, पेपरात हे लिहिलं तर मार्क मिळतील का?" मिळणार नाहीत. पण मार्कांचं सोडा, माझं खरं भांडण त्या शेवटच्या ओळीशी आहे. तिच्याकडे जाण्याआधी वरचे नियम ओळीने बघू.

२१ हा आकडा मेंदूशास्त्रातून आलेलाच नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला, किंवा हात-पाय गमावलेल्याला तो अवयव अजून जागेवरच आहे असं वाटणं ओसरायला, कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात, असं त्यांनी स्वतःच्या निरीक्षणावरून १९६० साली आपल्या पुस्तकात लिहिलं. पुढे 'कमीत कमी' गळलं, 'साधारण' गळलं, नाकही गळलं. उरला २१.

सवय लागायला किती दिवस लागतात हे मोजण्याचा धड प्रयत्न लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ९६ जणांनी प्रत्येकी एक नवी गोष्ट निवडली: कुणी जेवणाबरोबर फळ, कुणी नाश्त्यानंतर पाणी, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं. ८४ दिवस रोज नोंदी ठेवल्या. 'आता हे आपोआप होतंय' या टप्प्याला यायला लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला निघाला आणि मधला आकडा आला ६६. त्यातला २५४ हा आलेखाची रेघ पुढे वाढवून काढलेला आहे, कारण अभ्यासच मुळी ८४ दिवसांचा. शिवाय बऱ्याच जणांच्या नोंदी त्या आलेखात नीट बसल्याच नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली '२१ चूक, ६६ बरोबर' असाही मेसेज येऊ लागलाय. ६६ ला देव्हाऱ्यात बसवू नका. पाणी पिण्याची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा, आणि माणसागणिक फरक पडतो.

'एक दिवस चुकला की पहिल्यापासून' या धमकीचा निकालही त्याच अभ्यासात लागतो. एखाद्या दिवशी खाडा झाला म्हणून सवय जडण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. शून्यावर तर कुणीच गेलं नाही. हा नियम मेसेजमध्ये शिरला कुठून? माझा अंदाज, शिबिरं विकणाऱ्यांकडून. चुकलेल्या माणसाने पुन्हा पहिल्या दिवसाची फी भरावी, ही सोय त्यात आहेच.

मग सवय म्हणजे मेंदूत नेमकं काय होतं? त्यासाठी कुंभारीच्या विडी घरकुलात एखाद्या दुपारी जाऊन या. मांडीवर सूप. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापाला लावून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. नजर टीव्हीवर, तोंडाने शेजारणीशी तेलुगूत वाद चाललेला, आणि हात एकदाही थांबत नाहीत. "मावशी, पान कुठल्या बोटाने दुमडता?" असं विचारलं तर त्यांना स्वतःच्या हाताकडे बघून सांगावं लागतं.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात अॅन ग्रेबिएल यांनी हेच उंदरांच्या मेंदूत, पेशींच्या पातळीवर पाहिलं. टी आकाराची वाट, आवाज झाला की त्यानुसार एका बाजूला वळायचं, तिथे चॉकलेट. सुरुवातीला मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायटममधल्या पेशी वाटभर सक्रिय असायच्या. वाट अंगवळणी पडल्यावर त्या मुख्यतः दोनच जागी चमकू लागल्या, सुरुवातीला आणि शेवटाला. मधला सगळा क्रम एक अख्खा तुकडा बनून गेला होता. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चॉकलेट बंद केल्यावर ती खूण हळूहळू फिकट झाली. पुन्हा सुरू केलं, तर नव्याने शिकावं लागलं नाही, खूण लगेच परत आली. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. जुनी सवय पुसली जात नाही, दबून राहते.

टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेला माझा एक ओळखीचा मावा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खातो. त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत: "नवरात्रभर बंद केलतो की वो सर. एक पुडी नाही. दसरा झाला, पाळी सुटली, चौकात आलो, चहा घेतलो, हात आपोआप टपरीकडं. घरात म्हणतेत, मनच नाही तुझं." त्याच्याकडे मन आहे. नऊ दिवस त्याने ते दाखवलंय. पण पाळी सुटणं, चौक, चहा ही त्याच्या सवयीची सुरुवातीची घंटा आहे, आणि ती दसऱ्यानंतरही रोज त्याच वेळी वाजते.

आता डोपामाइन. हे 'आनंदाचं रसायन' हे बिरुद इतकं चिकटलंय की पाठ्यपुस्तकांबाहेर दुसरं काही ऐकूच येत नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींच्या नोंदी घेतल्या. अचानक फळाचा रस मिळाला की त्या पेशी जोरात चमकायच्या. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्याला चमकू लागल्या आणि रस प्रत्यक्ष मिळाला तेव्हा गप्प. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा वेग नेहमीपेक्षाही खाली गेला. म्हणजे पेशी मोजत होत्या तो अपेक्षा आणि हाती आलेलं यांतला फरक. सोलापूरकराला हे शिकवावं लागू नये. पाण्याच्या दिवशी ठरल्या वेळी नळ आला तर कोणी नाचत नाही, मुकाट्याने बॅरल भरतो. पाळीचा दिवस नसताना नळाला धार लागली तर बोळभर हाकाटी होते. आणि दिवस असून नळ फुसफुसला, तर तेव्हाची तोंडं बघावीत.

हवंसं वाटणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे केंट बेरिज यांनी दाखवलं. डोपामाइन जवळपास संपवलेले उंदीर समोरच्या अन्नाकडे जाईनात, पण जिभेवर साखर ठेवली तर पूर्वीसारखेच ओठ चाटायचे. गोडी शाबूत, ओढ गेली. रात्री एक वाजता अंगठा रील सरकवत राहतो आणि मजा मात्र अर्ध्या तासापूर्वीच संपलेली असते, ते का, हे यावरून कळायला मदत होते.

आणि उपवास कसला करणार? १९५०च्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. हे औषध आपल्याच सर्पगंधेच्या मुळांतून निघतं. ससे निपचित पडले. मग डोपामाइन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचल्यावर उठून हालचाल करू लागले. पार्किन्सन्स या कंपवाताच्या आजारावरचा उपचार या धाग्यातूनच उभा राहिला, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. खरोखरचा डोपामाइनचा उपवास घडला तर माणूस चहाचा कपही उचलू शकणार नाही. २०१९च्या सुमाराला ही कल्पना लोकप्रिय करणारे कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा यांनीही नाव शब्दशः घेऊ नका असंच सांगितलंय. त्यांचा मुद्दा त्रासदायक सवयींना वेळेचं कुंपण घालण्याचा होता. रविवारी मोबाईल कपाटात ठेवायचाय? जरूर ठेवा, झोप चांगली लागेल. त्यासाठी रसायनाला वेठीला धरायची गरज नाही.

९० सेकंदांचा नियम जिल बोल्ट टेलर या मेंदूरचनातज्ज्ञ बाईंच्या लिखाणातून पसरला. त्यांना स्वतःला पक्षाघात झाला होता, त्यातून सावरल्यावर त्यांनी अनुभव मांडला. अनुभवाबद्दल आदर आहे, पण रक्तातली रसायनं घड्याळ बघून वागत नाहीत. अॅड्रिनलिन काही मिनिटांत ओसरतं हे खरं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मात्र ताण सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखराला पोचतं आणि निम्म्यावर यायला आणखी तासभर तरी घेतं. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली २३३ विद्यार्थ्यांना आपापल्या भावना किती वेळ टिकल्या ते विचारलं, तेव्हा सगळ्यांत लांबलेलं निघालं ते दुःख. कारणं दोन: प्रसंग मोठा असणं आणि मन पुन्हा पुन्हा तिथे जाणं. घरात मयत झालेल्या माणसाला '९० सेकंद झाले, आता तुमचा निर्णय' म्हणून बघा बरं!

भावनेला मेंदूतलं एक बटण नेमून देण्याचा हौशी उद्योगही याच मेसेजच्या भावंडांत चालतो. 'अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र' हे वाक्य तुम्ही वाचलं असेल; अमिग्डाला हा मेंदूच्या आतला बदामाच्या आकाराचा एक भाग. दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेले तीन रुग्ण होते. त्यांतल्या एका बाईंना साप, कोळी, भुताचे चित्रपट, कशाचीच भीती वाटत नसे. २०१३ साली या तिघांना कार्बन डायऑक्साइडचं जास्त प्रमाण असलेली हवा हुंगायला दिली, आणि तिघेही घाबरून कासावीस झाले. बटण नसताना दिवा लागला.

एक गोष्ट मान्य. राग आला असता लगेच उत्तर टाइप न करणं हा सल्ला उत्तमच आहे. आणि 'मला अपमान वाटतोय' असं भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची प्रतिक्रिया कमी होते, हे मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७च्या प्रयोगात दिसलंय.

१० टक्क्यांवर फार शाई नको. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के भाग रिकामा ठेवून एवढा खर्च कोण करेल? आणि तसं असतं तर पक्षाघाताच्या बहुतेक रुग्णांचं काहीच बिघडलं नसतं.

आरशाचं मात्र थोडं बघायला हवं. २००९ साली कॅनडातल्या जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांनी लोकांना 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' हे वाक्य घोकायला लावलं. आधीच स्वतःविषयी चांगलं मत असलेल्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना त्याची गरज होती, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं.

मेंदूची रचना मोठेपणीही बदलते, हे अगदी खरं. पण कशाने? लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायला शहरातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं जातात. एलेनर मॅग्वायर आणि कॅथरीन वुलेट यांनी ७९ उमेदवारांच्या मेंदूच्या प्रतिमा आधी घेतल्या, आणि त्यांतल्या परत आलेल्यांच्या नंतरही. ३९ जण उत्तीर्ण झाले. आठवणी आणि रस्ते सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागाच्या मागच्या बाजूची वाढ त्यांच्यातच दिसली, नापास झालेल्यांत नाही. आणि त्याची किंमतही होती, कारण गुंतागुंतीची नवी आकृती बघून नंतर आठवून काढण्यात हे पास झालेले ड्रायव्हर मागे पडले. आरशासमोर 'मला सगळे रस्ते येतात' म्हणून कुणाचं काही वाढलं नव्हतं.

राहिली ती ठळक ओळ, इच्छाशक्तीची. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात त्यांचा घरी परतल्यावरचा माग काढला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते सुमारे ५ टक्के. विमानात बसल्याबरोबर सगळ्यांची इच्छाशक्ती वाढली असं म्हणायचं का? जागा बदलली, सोबत बदलली, माल सहज मिळेना. २०११ साली डेव्हिड नील आणि वेंडी वुड यांनी सिनेमाघरात लोकांना आठवडाभरापूर्वीचं शिळं पॉपकॉर्न दिलं. तिथे नेहमी पॉपकॉर्न खाणाऱ्यांनी ते ताज्याइतकंच संपवलं. मग डाव्या हाताने, म्हणजे सवयीच्या नसलेल्या हाताने खायला सांगितलं, तर शिळं बाजूला राहू लागलं.

म्हणून त्या कारखान्यातल्या मित्राला मी २१ दिवसांचा तक्ता दिला नाही. पाळी सुटल्यावर चौकाऐवजी मागच्या गल्लीने घरी जायचं आणि चहा घरी घ्यायचा, एवढं ठरवलंय. अर्थात मावा ही नुसती सवय नाही. त्यात तंबाखू आहे, निकोटिनची शरीराला लागलेली मागणी आहे. पहिल्या आठवड्यात चिडचिड, डोकं जड, झोप उडणं हे होणारच. त्यावर निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगम मिळतात, त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे: १८००-११-२३५६. मेसेज पुढे ढकलायचाच असेल, तर हा नंबर ढकला.