फोर बाय फोर असली तरी ब्रेक तेच! मनालीच्या बर्फाबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

हिवाळ्यात स्वतःच्या गाडीने मनालीला जाणाऱ्यांसाठी म्हणून एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. परवा माझ्या मावसभावाने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "चला, साखळ्यांचा खर्च वाचला." तो दोन लहान मुलांना घेऊन नाशिकहून निघणार आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं असं : फोर बाय फोर गाडीला बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या लागत नाहीत. राजपत्रात अधिसूचना नसते, त्यामुळे मनालीच्या वरच्या सोलंगपुढे अडवायचा कुणाला अधिकार नाही. मनालीहून लाहौलला नेणारा अटल बोगदा चालू म्हणजे रस्ता चालू. अडवणूक होते ती टॅक्सीवाल्यांच्या भल्यासाठी. आणि बर्फाने झाकलेला रस्ता रिकामा दिसला तर मुलांना तिथेच खुशाल स्लेजिंग, म्हणजे घसरगाडीवर बसून घसरणं, करू द्या.

साखळ्यांचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. फोर बाय फोरमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, त्यामुळे गाडी बर्फातून निघते, चढ चढते. थांबण्याशी त्याचा संबंध नाही. ब्रेक साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतात. गाडी थांबते ती टायर आणि रस्त्याच्या घर्षणामुळे. कोरड्या डांबरावर ताशी ४० किमी वेगातली गाडी ब्रेक दाबल्यावर ९-१० मीटरमध्ये थांबते. गोठलेल्या बर्फावर घर्षण साधारण सातव्या हिश्शावर येतं आणि तीच गाडी ६० मीटर घसरत जाते. घाटातल्या वळणावर हे ६० मीटर आणायचे कुठून?

त्यात वर चढवलेली गाडी संध्याकाळी खालीही आणायची असते. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी ऊन कलताच गोठतं. त्याचा पातळ थर पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसत राहतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. त्यावर गाडी सुटली की स्टिअरिंग कितीही फिरवा, ती वळत नाही. साखळ्या बर्फात रुततात म्हणून पकड मिळते, आणि त्या लावूनही हळूच चालवायचं असतं. टायरवरचं माप बघून त्या आणा आणि निघण्याआधी दारातच एकदा चढवून बघा. गारठलेल्या बोटांनी, अंधारात पहिल्यांदा ते जमत नाही.

हलका बर्फ असला की पोलीस कधी कधी फक्त फोर बाय फोर गाड्या पुढे सोडतात, एवढं मात्र खरं. पण त्याचा अर्थ बाकीच्यांना धोका अजून जास्त आहे, इतकाच.

आता अधिकाराचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५ वाचा. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे राज्य सरकार, किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी, ठरावीक रस्त्यावर वाहनांना बंदी घालू शकतो. आणि बंदी महिन्याभराहून जास्त नसेल, तर राजपत्रात छापायची गरज नाही. परिस्थितीनुसार स्थानिक पातळीवर जाहीर केली की पुरे. हे त्याच कलमात लिहिलंय. बर्फ पडल्यावर घातलेली बंदी बहुतेकदा थोड्या दिवसांचीच असते. म्हणजे मेसेजवाल्याने ज्या राजपत्रावर भिस्त ठेवलीय, ते इथे लागतच नाही. बॅरिकेडपाशी पोलिसाशी हुज्जत घालायला हा मेसेज उघडू नका.

बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे आणि आत बर्फ पडत नाही. बाहेर दोन्ही तोंडांशी पडतो, म्हणून बोगदा चालू असला तरी रस्ता चालू असेलच असं नाही.

टॅक्सीवाल्यांचं म्हणाल, तर बर्फात ते जास्त पैसे घेतात, ते मलाही खटकतं. पण २७ डिसेंबर २०२४ ला सोलंगजवळ सुमारे हजार गाड्या अडकल्या, त्यांतल्या जवळपास पाच हजार पर्यटकांना कुल्लू पोलिसांनी बाहेर काढलं. त्या बर्फात उभं राहून गाड्या काढणाऱ्या पोलिसांवर टॅक्सीवाल्यांच्या भल्यासाठी अडवल्याचा आळ घेताना लाज वाटायला हवी.

राहिलं स्लेजिंग. हा रस्ता बोगद्यापलीकडच्या लाहौलच्या लोकांचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये बोगदा सुरू होईपर्यंत रोहतांगची खिंड बंद झाली की लाहौल महिनोन्महिने तुटलेलं असे, आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागे. आता लाहौलमधल्या केलाँगचा पेशंट याच रस्त्याने कुल्लूला येतो आणि बर्फ काढणारी यंत्रंही इथेच फिरतात. स्लेजवर बसलेलं पोर बॉनेटच्या उंचीपेक्षाही खाली असतं. वळणावरून येणाऱ्या ड्रायव्हरला ते दिसलं, तरी त्याच्या हातात तेच ६० मीटर. मुलांना सोलंगच्या उतारावर न्या, रस्त्यापासून लांब.