ओरिजिनल पाहिजे की चालणारी?

आधी साल २००४ आहे असं धरून चला. हल्ली नकली सॉफ्टवेअरही घरबसल्या उतरवून घेता येतं, त्यात मजा नाही. चोरी कशी चार माणसांत, घासाघीस करून झाली पाहिजे.

मुंबईत ग्रँट रोडला पूर्वेला उतरा आणि लॅमिंग्टन रोड विचारा. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण या भागात अधिकृत काही वापरायची पद्धत नाही. फुटपाथवर कुणीतरी कानाशी ‘सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर’ पुटपुटेल. लगेच थांबू नका, चार पावलं पुढे गेलं की भाव उतरतो. मग तो लॅमिनेट केलेली यादी पुढे करील. विंडोज एक्सपी, फोटोशॉप, ऑटोकॅड, टॅली, सगळं उडप्याच्या मेनूकार्डासारखं ओळीने. तो दीडशे म्हणेल, तुम्ही साठ म्हणा. दुकानात हजारो रुपये पडणारी वस्तू दीडशेला मिळत असताना ‘फार महाग बुवा’ म्हणता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर आल्या पावली परत जा.

सौदा ठरला की एक पोरगा गल्लीत पळतो, कारण माल कुणी जवळ ठेवत नाही. तेवढ्या वेळात चहा घ्या आणि शेजारच्या गिऱ्हाइकाशी देशातल्या भ्रष्टाचारावर बोला. पोरगा शर्टाच्या आतून सीडी काढेल. वर मार्करने लिहिलेलं असेल ‘फोटोशप’. नाक मुरडू नका, साठ रुपयांत काना मिळत नाही.

गॅरंटीची तर काळजीच सोडा. मी एकदा ऑटोकॅड आणलं, घरी लावलं तर आत सत्यनारायणाची कथा. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याने हुज्जत न घालता सीडी बदलून दिली, वर सॉरी म्हणाला. ओरिजिनल खोक्याच्या बाबतीत हे करून बघा. सील फोडलं की माल परत नाही, आणि वापराचा करार वाचायला मिळतो तो बहुधा सील फोडल्यावरच.

घरी आल्यावर ‘क्रॅक’ (म्हणजे कुलूपतोड) नावाचं फोल्डर उघडा. आतली चिठ्ठी सांगते, आधी अँटीव्हायरस बंद करा. चोर म्हणाला कडी काढून ठेवा, की ठेवायची. हा धंदा विश्वासावर चालतो. (अँटीव्हायरसही त्याच्याकडूनच घेतला असेल तर एवढाही त्रास नाही.)

कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्यात कलम ६३ब आहे. नकली प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरला तर किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख दंड. ‘जाणूनबुजून’ हा शब्द नीट पाठ करा. आपल्याला काय ठाऊक, पोराने कॉम्प्युटरवर टाकून दिलं! खुद्द मायक्रोसॉफ्टही तुमच्या बाजूने आहे. पुढे २००८ मध्ये त्यांनी नकली एक्सपीचा वॉलपेपर तासातासाला काळा करायला घेतला, पण सूचनेत मजकूर काय, तर आपण बनावट सॉफ्टवेअरचे बळी असू शकता. बळी! दीडशेचे साठ करणारा बळी!

कुणी दीडशहाणा सांगेल, विंडोजऐवजी लिनक्स घ्या, फुकट आहे आणि कायदेशीरही. अजिबात ऐकू नका. फुकट देतोय म्हणजे काहीतरी खोट असणार. आणि चार लोकांत सांगायला घासाघीस काय केली म्हणणार?

निघताना विक्रेत्याची विचारपूस करायला विसरू नका. माझा त्या दिवशी भडकला होता. पलीकडच्या पोराने याची यादी झेरॉक्स मारली होती, आणि याच्याच ‘ऑल इन वन’ सीडीच्या कॉप्या काढून दहा रुपये कमी भावाने विकायला ठेवल्या होत्या. “रात्र रात्र जागून बनवली मी ती, साहेब,” तो म्हणाला. “लोकांना मेहनतीची किंमतच नाही.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चार शब्द बोललो, आणि पलीकडे गेलो. दहा रुपये म्हणजे दहा रुपये.