दोनच घेणाऱ्यांना चार समजुतीच्या गोष्टी

सगळ्यात आधी आकडा पाठ करा. दोन. कुणीही, कधीही, कितव्याही ग्लासानंतर विचारलं तरी उत्तर एकच: दोनच घेतले. एक म्हणालात तर कुणाचा विश्वास बसत नाही आणि तीन म्हणालात तर समोरचा मोजायला लागतो. दोनमध्ये कसा संयमही आहे आणि थोडी रसिकताही.

या आकड्याला परंपरा आहे. १० सप्टेंबर १८९७ रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीवाल्यानं आपली विजेवर चालणारी टॅक्सी न्यू बाँड स्ट्रीटवरच्या एका इमारतीत घुसवली. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला हा पहिला माणूस मानला जातो. त्यानं सांगितलं, दोन-तीन ग्लास बिअर घेतली होती. दंड झाला २५ शिलिंग. त्यानंतर विजेवरच्या टॅक्स्या गेल्या, पेट्रोलच्या आल्या, आता पुन्हा विजेवरच्या यायला लागल्या. पण ते 'दोन-तीन' जागचं हललेलं नाही. उलट मधल्या काळात आपण त्यातले तीन गाळून टाकले.

आता तुम्ही गाडी चालवण्याच्या स्थितीत आहात का, हे कुणी ठरवायचं? अर्थातच तुम्ही. दारूची खुबीच ही की पाय लटपटायच्या आधी ती सारासार विचारावर हात फिरवते. म्हणजे ज्या मेंदूनं निवाडा द्यायचा, तोच आधी खूश झालेला असतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच, फक्त इथं किल्ली गाडीची असते. 'मला काही चढलेली नाही' हे वाक्य न अडखळता म्हणता आलं की झालं. अडखळलात तर हसा, पुन्हा म्हणा.

कुणी कडक कॉफी सुचवेल, कुणी थंड पाण्याची अंघोळ. जरूर करा, त्यानं झिंगलेला माणूस जागा होतो. उतरवायचं काम मात्र यकृताकडे आहे आणि ते कुणाची घाई ऐकत नाही. ढोबळ मानानं दर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला १५ मिलिग्रॅम अल्कोहोल ते निस्तरतं. रात्री बाराला १२० मिलिग्रॅम असेल, तर तीनला ७५ आणि सकाळी सहाला ३०. इंग्लंडमध्ये ८० पर्यंत चालतं, म्हणजे तिथं तुम्ही रात्री तीनलाच सज्जन झालात. भारतात मर्यादा ३०, तेव्हा सकाळी सहाला तुम्ही बरोबर रेषेवर उभे. स्वीडनमध्ये २०, तिथं तोंड धुऊन, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कामावर निघालात तरी तुम्ही गुन्हेगारच. असल्या हिशोबाच्या नादी लागू नये. चांगली झोप झाली आहे ना? मग झालं.

दारातला निरोप हा या सगळ्या प्रकारातला सर्वात हृद्य भाग. पाहुणा भिंतीला हात टेकून बूट चढवतोय. डावा पाय उजव्या बुटात गेल्यामुळे हशा होतो. यजमान म्हणतो, 'राहा रे इथंच.' मग तेच पुन्हा म्हणतो, पण जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा म्हणतो तेव्हा त्याचा हात दाराच्या कडीवर असतो. किल्ली खाली पडते. पाहुणा वाकतो, ती काही त्याच्या चिमटीत येत नाही. शेवटी कुणीतरी भला माणूस पुढे होऊन ती उचलतो आणि पाहुण्याच्याच तळहातावर ठेवतो. वर त्याची बोटंही मिटून देतो. 'सावकाश जा,' सगळे म्हणतात, 'आणि पोचलास की मेसेज टाक.' झाली जबाबदारी पूर्ण.

जपानमध्ये एवढ्यावर भागत नाही. तिथं २००७ पासूनचा कायदा असा की, गाडी चालवणार हे माहीत असून दारू देणारा, प्यायलेल्याच्या हाती गाडी सोपवणारा आणि सगळं कळत असून 'मलाही सोड' म्हणत शेजारी बसणारा, तिघंही शिक्षेला पात्र. गाडी देणाऱ्याला तर चालवणाऱ्याइतकीच. म्हणजे वरच्या निरोपसमारंभातली बरीचशी मंडळी आत. असा कायदा असेल तर माणसानं माणसाला जेवायला बोलवायचं तरी कसं?

(मी स्वतः एकदा अशा गाडीत मागच्या सीटवर बसून आलो आहे. एका वळणावर गाडी जरा जास्तच बाहेर गेली तेव्हा मी पट्टा लावला. 'थांबव' म्हणालो नाही; मित्राला वाईट वाटलं असतं. पट्टासुद्धा आवाज होऊ न देता लावला.)

वाटेत नाकाबंदी असेल याची काळजी नको. त्यासाठी ग्रुप आहे. 'पुलापलीकडे उभे आहेत, आतल्या रस्त्यानं ये,' अशी खबर वेळेवर पुरवणाऱ्याला आपल्यात समाजसेवक समजतात. आतला रस्ता अरुंद असतो, त्यावर दिवे कमी आणि पायी चालणारी माणसं जास्त असतात. पण पोलीस नसतात, म्हणजे तो सुरक्षितच. पेपरमिंटवर मात्र भिस्त ठेवू नका. फुंकायचं यंत्र तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसाच्या तळातली हवा मोजतं. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये जितकं अल्कोहोल, साधारण तितकंच या हवेच्या २१०० मिलिलिटरमध्ये, या हिशोबावर ते चालतं. १९५४ मध्ये रॉबर्ट बोर्केनस्टाइन या अमेरिकी पोलिसानं ब्रेथलायझर बनवला आणि सरळ रेषेवर चालून दाखवण्याची कला बुडवली.

आता मुख्य विषय, शिक्षेचा. सकाळी बातमी येते: मद्यधुंद चालकानं दोघांना उडवलं. इथं कमी पडू नका. मद्यधुंद हा शब्द आधी नीट पाहून घ्या. बातमीतला माणूस मद्यधुंद असतो. आपण 'जराशी घेतलेली' असते. एकदा हे अंतर पक्कं झालं की मग मोकळं रान. फाशी मागा. भर चौकात मागा. हात तोडा म्हणा, गाडीला बांधून फरपटवा म्हणा. रात्रीची खबर ज्या ग्रुपवर आली त्याच ग्रुपवर म्हणा, काही हरकत नाही. जुने मेसेज वर सरकवून बघायची कुणाला सवय नसते.

एक पथ्य तेवढं पाळा. शिक्षा मागायची ती माणूस मेल्यावरचीच. काल रात्री तेवढीच पिऊन, त्याच रस्त्यानं, तेवढ्याच वेगात तुम्हीही आलात. तुमच्या वाटेत कुणी आलं नाही, त्याच्या आलं. त्याच्या बाबतीत याला गुन्हा म्हणायचं आणि तुमच्या बाबतीत हातखंडा. शिक्षा पिऊन चाक हातात घेतल्याची व्हायला लागली, तर ती कुणाकुणाला द्यायची?

आणि ती जितकी जबर असेल तितकी बरी, यालाही आधार आहे. इंग्लंडमध्ये गाडीखाली माणूस मारला की पूर्वी सदोष मनुष्यवधाचा खटला चालायचा. पण ज्युरीतली मंडळी दोषी ठरवायलाच राजी होईनात. तीही गाडीवालीच, आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसायचं. शेवटी १९५६ मध्ये, धोकादायकपणे गाडी चालवून मृत्यू घडवण्याचा वेगळा आणि सौम्य गुन्हा कायद्यात घालावा लागला. तेव्हा बिनघोर फाशी मागा. द्यायची वेळ आली की देणाऱ्याचे हात आपोआप थरथरतात.

घाबरायचंच असेल तर शिक्षेला नाही, सापडण्याला घाबरा. १९६७ मध्ये बार्बरा कॅसल या मंत्रीणबाईंनी ब्रिटनच्या रस्त्यांवर ही फुंकणी आणली. गहजब झाला. पबवाले खवळले, बाईंना धमक्या आल्या, आणि ही बाई स्वतः गाडीसुद्धा चालवत नाही, हा मुद्दा तर लोकांना फारच बिनतोड वाटला. पहिल्या वर्षात रस्त्यांवरचे मृत्यू अकराशेहून जास्त कमी झाले. पुढं काही वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की, कायदा आहे खरा, पण आपल्याला अडवतं कोण? मग धाक ओसरला आणि आकडे परत चढू लागले. शिक्षा होती तिथंच होती, उडाली ती भीती. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं यातून नको तो बोध घेतला. डिसेंबर १९८२ पासून तिथं संशय असो वा नसो, कुणालाही थांबवून फुंकायला लावू लागले. शिक्षा नशिबावर न सोडता रस्त्यात उभी करून ठेवली, आणि मृत्यू ठळकपणे घटले. असला अडाणीपणा इथं कुणी सुचवला, तर 'सामान्य माणसाला कशाला त्रास?' असं ताबडतोब विचारा. फाशी मागितलेल्या तोंडानंच विचारा, त्यानं वजन येतं.

फिनलंडमध्ये दंड उत्पन्नाच्या हिशोबानं बसतो, हेही चर्चेत येऊ देऊ नका. चांगल्या घरातल्या माणसांना ते झोंबतं. आणि ते इंजिनाला जोडायचं कुलूप! आधी गाडीत फुंकायचं, हवा स्वच्छ निघाली तरच गाडी सुरू होते. काही देशांत पिऊन चालवताना सापडलेल्यांना ते बसवायला लावतात. याला कडाडून विरोध करा. गाडीला ओळख सांगता येत नाही, तिच्यासमोर कुणाला फोन लावता येत नाही, 'साहेब, दोनच' म्हणता येत नाही.

बाकी चिंतेचं काही नाही. तुम्ही घरी पोचलात, याहून मोठा पुरावा कुठला हवा? न पोचलेले साक्षीला येत नाहीत, त्यामुळे ज्याला विचाराल तो हेच सांगतो की, मला तर आजवर काही झालं नाही. मेसेज टाकायला तेवढं विसरू नका. 'पोचलो.' शुद्धलेखन चुकलं तरी चालतं, पलीकडचा झोपलेला असतो.

सकाळी गाडीच्या डाव्या अंगाला पुढच्या चाकापासून मागच्या दारापर्यंत एक लांब ओरखडा दिसेल, आरसा दुमडून आत गेलेला असेल. गांगरू नका. पार्किंगमध्ये कुणीतरी घासली असणार. हल्ली लोकांना गाडी चालवताच येत नाही.