रोडगे आणि तीन पाळ्या

आमच्या घरी रविवारचं जेवण घड्याळावर नाही, खाणीच्या भोंग्यावर ठरतं. बाबा, काका आणि दादा तिघंही कोळसा खाणीत. पाळ्या आठवड्याला फिरतात, पण तिघांची एकच पाळी येईल तर शपथ. एक घरी येतो तेव्हा दुसरा घोरत असतो आणि तिसरा बूट शोधत असतो. आजीचा हुकूम मात्र एकच: इतवारी सारे एका पंगतीत. 1973 साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. आमच्या चुलीचं आजीनं त्याच्या आधीच उरकलं होतं.

"रविवारी सुट्टी नसते का रे?" पुण्याचा मावसभाऊ विचारतो. असते ना! पण त्या दिवशी ड्यूटी लागली की मजुरी दुप्पट. म्हणून 'संडे' मिळावा यासाठी तिघंही शनिवारपासूनच साहेबाशी फार गोड बोलतात.

मी खाणीत नाही, म्हणजे आजीच्या हिशेबानं रिकामा. त्यामुळे रोडग्यांचा जाळ माझ्याकडे. वणीचा मे महिना, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, आणि मी अंगणात गोवऱ्या फुंकत बसलेला. जाड कणकेचे, पदर देऊन वळलेले गोळे निखाऱ्यात उलटसुलट करायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे. बुडवायचे म्हणजे, सारे आल्यावर. तोवर नुसता वास घ्यायचा. घरात तीन-तीन कोळसेवाले असून गोवऱ्याच का, म्हणून काकांनी एकदा आरात दोन ढेले कोळसा सरकवला. रोडग्यांना मालगाडीचा वास! आजी कडाडली, "अंगावर आनता थे पुरे नाई का? आता पोटात बी घालता?"

दीडच्या सुमारास दादा उभ्याउभ्याच एक कोरडा रोडगा तोंडात कोंबून पळतो. आजी ते जेवणात धरत नाही. अडीचला बाबा येतात, मग त्यांची आंघोळ. पहिली बादली तर नुसती काळी. काकांना उठवायला जाईल त्यानं आपल्या जबाबदारीवर जावं. तीनला वांग्याची भाजी तिसऱ्यांदा गरम होते आणि पंगत बसते. दादाचंही ताट वाढलेलं असतं, हजेरीपुरतं. ते शेवटी मीच संपवतो, तक्रार नाही.

मागच्या महिन्यात आक्रीत घडलं. तिघांपैकी एकालाही 'संडे' लागला नाही. बाराच्या ठोक्याला सारे पाटावर! पण बाबा घासागणिक बुडालेल्या मजुरीचा हिशेब करत होते, काका पेंगत होते, आणि दादा सवयीनं घड्याळ बघत दहा मिनिटांत उठलासुद्धा.

आजीनं तुपाची वाटी खाली ठेवली. "सांग बाप्पा तुह्या साहेबाले," ती बाबांना म्हणाली, "पुढच्या इतवारी घे म्हनाव यायले ड्यूटीवर."