बुरशीचे पैसेही भाडेकरूनेच भरायचे?

मालकाने डिपॉझिट घेतलं तीन महिन्यांचं, परत मिळालं जेमतेम एका महिन्याचं. उरलेल्याचा हिशेब काल रात्री व्हॉट्सॲपवर आला. अख्ख्या फ्लॅटचं रंगकाम, भिंतीतली भोकं बुजवणं, नळाचा वॉशर, साफसफाई. आणि शेवटची ओळ: 'बेडरूममधील बुरशी, घर बंद ठेवल्यामुळे.'

घर बंद ठेवल्यामुळे! नोकरीला जाताना घर उघडं टाकून जायचं होतं का? माझा गोव्यातला फ्लॅट सगळ्यात वरचा, त्यावर थेट टेरेस, आणि टेरेसचं वॉटरप्रूफिंग कधीच कामातून गेलेलं. पहिल्या पावसात कोपऱ्यात तळहाताएवढी ओल दिसली. गणेशचवथ येईपर्यंत ती कपाटाच्या मागे पोचली. मी दर वेळी फोटो पाठवले, तारखेसकट सगळे फोनमध्ये आहेत. उत्तर आलं, "पाऊस थांबूदे, बघू." पाऊस थांबल्यावर, "मे महिन्यात करून घेऊ." मे महिन्यात मालक फोनच उचलेना. पुन्हा जून उजाडला आणि बायकोने कपाट उघडलं तर लग्नातल्या शालूवर पांढरी बुरशी. काठ हाताला लागताच विरला. ती काही बोलली नाही, नुसती तो शालू मांडीवर घेऊन बसली. त्याचे पैसे मी कुणाकडे मागायचे? उलट त्याच ओलीचं बिल आता माझ्या नावावर फाडलंय, आणि रंग द्यायचाय तो माझ्या पैशाने, पुढच्या माणसाला जास्त भाड्याने द्यायला. भोकं म्हणजे किती? एक कॅलेंडरचा खिळा, एक देवाच्या तसबिरीचा.

संतापाने डोकं फिरलं होतं, तसाच आज सकाळी पंचायतीत गेलो. भिंतीवर ठळक अक्षरात सूचना: भाडेकरूंची माहिती पोलिसांत द्या, अन्यथा कारवाई. म्हटलं, चला, भाडेकरू नावाचा प्राणी यांना ठाऊक तरी आहे. आतल्या बाईंना कागद दाखवला. कागदाकडे न बघताच म्हणाल्या, "आमचेकडेन तसलें कांय ना. पोलिसांत वचात." मी विचारलं, मग ही सूचना कुणी लावली? त्यावर उत्तर नाही. पुढचा माणूस पुढे.

पोलिसांत गेलो. ह्याच ठाण्यात मी फ्लॅट घेताना पडताळणीचा फॉर्म भरून दिला होता. फोटो, आधार, ॲग्रीमेंटची प्रत, गावचा पत्ता, सगळं. तेव्हा माझी चौकशी केली होती. आज माझी तक्रार नको होती. "सिव्हिल मॅटर." मामलेदार कचेरीत सांगितलं, रेंट कंट्रोलरकडे जा. तिथे सांगितलं, तुमचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेपट्टा नव्हे, नुसती राहण्याची परवानगी, ते आमच्या कायद्यात बसत नाही, दिवाणी कोर्टात जा. वकिलाची फी ऐकली आणि गप्प बसलो. डिपॉझिटपेक्षा ती जास्त.

लीव्ह अँड लायसन्स काय मी मागितलं होतं? गोव्यात फ्लॅट बघायला गेलात की अकरा महिन्यांचा छापील कागद समोर येतो. भाडेपट्टा वर्षापलीकडे गेला तर 1908 च्या नोंदणी कायद्याने रजिस्टर करावा लागतो, म्हणून अकरा. कागद मालकाचा, अटी मालकाच्या, नोटरी मालकाच्या ओळखीचा, पैसे मात्र माझे. वर दलालाला एक महिन्याचं भाडं. सही करायची नसेल तर दुसरे उभेच आहेत.

आणि प्रश्न! कुठले? जात कुठली? मासे शिजवता का? मी सत्तरी तालुक्यातला, वाळपईकडचा, बाप-आजा इथलेच. तरी पणजीच्या आसपास खोली बघायला गेलो की आधी "घाटी तर नाही ना?" असं तोंडावर विचारलंय मला. बायको पेडण्याची म्हटल्यावर म्हणे, मग पाहुणे जास्त येत असतील. आमच्या शेजारच्या जोडप्याला तर ऑक्टोबरात घर खाली करायला लावलं, कारण सीझनला तोच फ्लॅट रात्रीच्या हिशेबाने पर्यटकांना जातो. मुलाची शाळा मधेच सोडवून गेले ते.

ह्याच गोव्याने 1964 साली कुळांसाठी कायदा केला. 1975 साली मुंडकारांना घराबाहेर काढता येऊ नये म्हणून कायदा केला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर राहणाऱ्या माणसाला पाठबळ लागतं हे तेव्हा कळत होतं. आणि फ्लॅटमधल्या माणसासाठी 1968 चा भाडे नियंत्रण कायदा, ज्यातून अकरा महिन्यांचा एक कागद करून कोणीही सुटतो. केंद्राने 2021 साली मॉडेल टेनन्सी ॲक्ट, म्हणजे घरभाड्याचा नमुना कायदा, मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात राहत्या घराला डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर नाही, मालकाने घरात यायचं तर 24 तास आधी कळवायचं, भांडण झालं म्हणून पाणी-वीज तोडायची नाही. एवढंच मागतोय ना आम्ही? पत्रादेवीच्या सीमेपलीकडे महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याने करार लेखी आणि नोंदलेलाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरतात. सावंतवाडीत मिळतं ते म्हापशात का मिळू नये?

जबाबदारी आम्हाला नको असं कोण म्हणतंय? विजेचं बिल वेळेवर भरलं, ओला-सुका कचरा वेगळा दिला, सोसायटीचा मेंटेनन्स दिला, किल्ल्या परत केल्या. बिलं थकवून पळणारे भाडेकरूही असतात, त्यांनी मालकांना रडवलंय, मान्य. मग त्या मालकांसाठी तरी काहीतरी करा. घर देताना आणि घेताना दोघांच्या सहीची यादी, फोटोंसकट, आणि तिची एक प्रत पंचायतीत किंवा नगरपालिकेत. कराराचा एक सरळ नमुना मराठीत आणि कोंकणीत. आठवड्यातून एक दिवस एक टेबल, जिथे कोणीतरी सांगेल की तुमचं काम कुठल्या कचेरीत आहे. पंचायतीतल्या त्या सूचनेच्या शेजारी एक कागद चिकटवायला किती खर्च येतो?

ग्रामसभेत उठून हे बोललो असतो. पण ग्रामसभेत बसतो तो त्या गावचा मतदार, आणि माझं मत अजून सत्तरीत. नाव इकडे आणायचं तर पत्त्याचा पुरावा हवा, आणि मालक एनओसी देत नाही, म्हणे पुढे हक्क सांगाल.

तुमच्यातले जे भाड्याने राहतात आणि ज्यांचं नाव तिथल्या यादीत आहे, त्यांनी ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हे लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. माझे फोटो, तो हिशेब, सगळं द्यायला तयार आहे. मालकाला मी रजिस्टर्ड पत्र पाठवतोय, रंगाचा एक रुपयाही मान्य नाही म्हणून.